लोकप्रियता आणि स्पष्टोक्ती

लोकप्रिय गायक कोणाचा असतो? ज्याची भाषा आपली, तो गायक आपला, असे उत्तर आपण सहज देऊन टाकतो. आपल्या मांद्रे परिसरात मात्र हे उत्तर एकदा पारखून घ्यावे असे वाटते. शापोरा नदीच्या पैलतीरावर शिवोली हे गाव आहे. भारतात इंग्रजी पॉप संगीत लोकप्रिय करणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, ते रेमो फर्नांडिस याच गावच्या घराण्यातले. नदी तशी रुंद नाही. पण ऐलतीर नव्या काबिजादीतला, पैलतीर जुन्या काबिजादीतला. इकडे भजन आणि दशावतार, तिकडे मांडो आणि गिटार. दोन्ही तीरांनी परस्परांचे सूर ऐकले. शब्द किती ऐकले, हा खरा प्रश्न आहे.

रेमो यांचा जन्म १९५३ साली पणजीत झाला. मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. परंतु जीव रमला तो संगीतात. १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ हा त्यांचा गीतसंग्रह निघाला. ध्वनिमुद्रण शिवोलीतल्या राहत्या घरी झाले आणि कॅसेटी दुकानोदुकानी पोहोचवण्याचे कामही त्यांनी स्वतःच केले. पुढे ‘जलवा’ (१९८७) या चित्रपटातील गीताने आणि ‘बॉम्बे’ (१९९५) या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतील गायनाने त्यांचा आवाज देशभर गेला. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. येथवरची कथा कोणाही यशस्वी कलावंताची असू शकते. विचार करण्याजोगे आहे ते वेगळेच: मिळालेल्या लोकप्रियतेचा त्यांनी कशासाठी उपयोग केला?

१९८६ साली त्यांचा ‘पॅक दॅट स्मॅक’ हा गीतसंग्रह आला. त्याचे शीर्षकगीत अमली पदार्थांच्या विरोधात होते. त्याच वर्षी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असता रेमो यांनी त्यांना थेट संबोधणारे गीत त्यांच्यासमोर गायिले. स्वागताच्या प्रसंगी स्तुतीची अपेक्षा असते. या गीतात गोव्याच्या व्यथाही होत्या. पाहुण्याचा उपमर्द झाला, अशी टीका वृत्तपत्रांतून झाली. खुद्द पंतप्रधानांनी मात्र गीत आवडल्याचे पत्राने कळवले.

हे वाचताना आपल्याच पंचक्रोशीशी नाते सांगणाऱ्या एका संतकवीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ज्यांचे नाव विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला दिलेले आहे, ते सोहिरोबानाथ आंबिये महादजी शिंद्यांच्या भेटीस गेले असता महादजींनी आपले काव्य त्यांच्यापुढे ठेवले आणि सोहिरोबांनी भीडभाड न ठेवता नापसंती दर्शवली, अशी आख्यायिका आहे. सत्तेपुढे खरे बोलणारा कवी आपल्या मातीला नवा नाही.

यावर कोणी म्हणेल, संताची आणि पॉप गायकाची तुलना कशी व्हावी? संत निःस्पृह, गायक बाजारात उभा. आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच त्याचा नीट विचार केला पाहिजे. ज्याला काहीच नको, त्याचे स्पष्ट बोलणे थोर खरे, पण त्याला गमावण्यासारखेही काही नसते. ज्याचे पोट लोकांच्या पसंतीवर चालते, तो जेव्हा त्याच लोकांना न रुचणारे बोलतो, तेव्हा तो आपली उपजीविका पणाला लावतो. निःस्पृहता अंगी असेल तरच सत्य बोलावे, असा नियम केला तर आपल्यासारख्या संसारी माणसांना कायमचे मौन पाळण्याची सबबच मिळेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या गीतांनी बेफिकीर, मौजमजेच्या गोव्याची प्रतिमा जगभर नेली आणि त्याची किंमत आज मांद्रे, आश्वे, हरमल हा किनारा मोजत आहे, असे म्हटले जाते. यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. कलावंत आपल्या शब्दांना जबाबदार असतोच, आणि ‘क्रेझी’ हा शब्द निवडणाऱ्याला तो कसा वापरला जाईल याची काहीशी कल्पना असणारच. परंतु ज्याने १९८६ सालीच नशेविरुद्ध गाणे म्हटले, त्याच्या गाण्यांतून आपण केवळ मौजच उचलली असेल, तर त्या निवडीत ऐकणाऱ्याचाही वाटा आहे. बाजाराने ताल घेतला आणि अर्थ टाकून दिला. आपणही पुष्कळदा तेच केले.

आणि हे केवळ परभाषेतल्या गाण्याच्या बाबतीत घडते असे नाही. सोहिरोबांची पदे आपल्याला मुखोद्गत असतात. त्यांच्या चाली आपण जपल्या. त्यांतला परखडपणा किती जपला? सभेत कोणा वजनदार व्यक्तीचा सत्कार होताना, गावची जमीन विकली जाताना, किनाऱ्यावर अपरात्री काय चालते हे ठाऊक असताना आपण जे मौन पाळतो, ते कोणत्या परंपरेला धरून असते?

सारांश, गायक आपला ठरतो तो केवळ भाषेमुळे नव्हे. आपल्या सुखदुःखाविषयी, आपल्याला अप्रिय वाटले तरी, जो खरे बोलतो तो आपला. मात्र तो बोलला एवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. लोकप्रियतेचे दायित्व जितके गाणाऱ्यावर, तितकेच ऐकणाऱ्यावर असते. टाळ्या वाजवून झाल्यावर शब्दांचे काय करायचे, हे आपल्याला ठरवावे लागते. आणि ऐलतीराने आता ते ठरवण्याची वेळ आलेली आहे.