आज्ञाभंगाचे शिक्षण

तोबीताच्या ग्रंथात आंधळा बाप आहे, प्रवासाला निघालेला मुलगा आहे आणि त्याच्यामागून चालणारा एक कुत्राही आहे. त्या कुत्र्याला तेथे काही काम नाही. अंधांना वाट दाखवण्याचे काम कुत्र्यांकडे रीतसर आले ते पहिल्या महायुद्धात. दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली अशी शाळा निघाली. पुढे १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक हा अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडला डोरोथी युस्टिस यांच्या केंद्रात गेला व बडी नावाची कुत्री घेऊन मायदेशी परतला. १९२९ मध्ये त्या दोघांच्या पुढाकाराने अमेरिकेत 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली.

या इतिहासापेक्षा त्या शिक्षणातील एका पाठाने आम्हांस अधिक विचारात पाडले आहे. कोठे जायचे हे माणूस ठरवतो. रस्ता ओलांडण्याची वेळही वाहनांचा आवाज ऐकून तोच ठरवतो. सिग्नल काही कुत्र्याला वाचता येत नाही. परंतु 'पुढे' अशी आज्ञा झाली आणि मोटार येत असेल, तर कुत्र्याने जागचे हलू नये, हे त्याला मुद्दाम शिकवावे लागते. शिक्षक आज्ञा देतो, दुसरा कोणी मोटार समोर आणतो, आणि न ऐकणाऱ्या कुत्र्याचे कौतुक होते! आज्ञापालन अंगी मुरल्यावरच हा पाठ दिला जातो.

आम्ही धर्मगुरू दीक्षाविधीत बिशपांच्या हातांत हात देऊन आज्ञाधारकतेचे वचन देतो. ते वचन आज्ञेच्या शब्दाला बांधलेले असते, की आज्ञा देणाऱ्याच्या हिताला? संत थॉमस अक्वायनस प्राण्यांना इच्छास्वातंत्र्य नाकारतात, आणि त्यांच्याशी आमचा वाद नाही. कुत्र्याचा नकार हा शिकवलेला नकार आहे. तेव्हा प्रश्न कुत्र्याचा नसून आज्ञा देणाऱ्याचा आहे. त्यालाही शिकावे लागते: कुत्रा थांबला तर खेकसायचे नाही, पाऊल हळूच पुढे करून खड्डा आहे की पायरी हे चाचपायचे.

काही वर्षांपूर्वी सभागृह वाढवण्यासाठी कर्ज काढण्याचा बेत आम्ही धर्मग्रामाच्या सभेत मांडला. एक वयस्क गृहस्थ उठून म्हणाले, "फादर, हे आपल्याला झेपायचे नाही." आधीच्या कोणत्याही फादरांचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता. आम्हांला तो उद्धटपणा वाटला. कारण न विचारता आम्ही समारोपाची प्रार्थना म्हटली.

ते कर्ज अजून फिटते आहे.