शिकविलेले चुकले तर

आषाढीच्या वाटेवर, भंडीशेगावच्या मुक्कामी, रात्रीचे कीर्तन आटोपल्यावर आमच्या दिंडीतल्या एका तरुण पोराने मला प्रश्न घातला. पोरगा शिकलेला, शेतीत राबणारा. म्हणाला, "गुरुजी, एखाद्यानं मनापासून चार लोकांना शिकवलं आणि पुढं ते चुकीचं निघालं, तर दोष कुणाचा? सांगणाऱ्याचा का ऐकणाऱ्याचा?" मी बत्तीस वर्षे शाळेत मास्तरकी केलेला माणूस. मला उत्तर सुचले नाही. "झोप आता, पहाटे उठायचंय," असे म्हणून मी घोंगडी ओढून घेतली. परंतु झोप काही आली नाही, आणि ती का आली नाही ते पुढे सांगतो.

त्या रात्री मला एका गुरुजींची आठवण झाली. ते वारकरी नव्हते, आणि मी त्यांना पाहिलेलेही नाही. त्यांच्याविषयी वाचले आहे, ऐकले आहे एवढेच. भास्करभाई सावे हे त्यांचे नाव. २७ जानेवारी १९२२ रोजी उंबरगावजवळच्या देहरी या समुद्रकाठच्या खेड्यात जन्म, आणि २४ ऑक्टोबर २०१५ रोजी, त्र्याण्णव वर्षांचे भरगच्च आयुष्य जगून, मृत्यू. त्यांचे गाव आज गुजरातेत आहे. पण १९६० साली दोन राज्ये वेगळी झाली तोवर तो मुलूख आपल्या ठाणे जिल्ह्यातच मोडत होता. वसई-पालघरकडे वाड्या लावणारा जो वाडवळ समाज आहे, त्यातलेच हे. म्हणजे माणूस तसा आपल्या शेजघरचाच.

भास्करभाई सुमारे दहा वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. सकाळी फळा-खडू, इतर वेळी घरची शेती. त्या काळी, म्हणजे १९५० नंतरच्या दशकात, रासायनिक खत खेड्यापाड्यांत नवीनच येत होते. मास्तरांनी ते वापरले, आणि पीक असे काही उभे राहिले की पंचक्रोशी बघायला आली. आदर्श शेतकरी म्हणून नाव झाले. मास्तर म्हणजे गावातला शहाणा माणूस, त्यातून त्याचे शेत डोळ्यांना दिसते आहे. मग लोक ऐकणार नाहीत तर काय? पुढे खत विकण्याची एजन्सीही त्यांच्याकडे आली. गोणीमागे थोडे कमिशन मिळे.

आता येथे थांबून एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. त्या काळी हे शिकविणारे कोणी दुष्ट नव्हते. देशात धान्याची टंचाई होती, परदेशातून गव्हाची जहाजे येत होती, तो लाल गहू आपल्यापैकी जुन्या मंडळींनी खाल्लेला आहे. एकरी चार पोती जास्त पिकली तर घरातल्या पोरांच्या ताटात भाकरी येणार होती. अशा वेळी जो मास्तर "खत घाला" म्हणाला त्याने पाप केले, असे मी तरी म्हणणार नाही. अजाणता केलेल्या कर्माचा आणि जाणून केलेल्या कर्माचा तराजू एक नसतो, हे आपण कीर्तनांतून किती वेळा ऐकतो!

भास्करभाईंची खरी परीक्षा पुढेच झाली. ते मास्तर होते, म्हणून हिशेब लिहीत. वहीत त्यांना दिसू लागले की, पीक तेवढेच आणावयाचे तर खत दरवर्षी जास्त घालावे लागते. उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा खर्चाचा आकडा वेगाने पळतो. जमीन कडक होते, पाणी जास्त पिते. गांधीजी आणि विनोबा यांच्या विचारांचा संस्कार मनावर होताच. मग त्यांनी जमिनीच्या तुकड्यावर जुन्या रीतीने पीक घेऊन पाहिले. पीक कमी आले, पण खर्च त्याहून कितीतरी कमी झाला आणि हातात शिल्लक उरली. वही खोटे बोलत नव्हती.

अशा जागी माणसापुढे दोन सोप्या वाटा असतात. पहिली गप्प बसण्याची. एजन्सी चालू आहे, कमिशन मिळते आहे, लोक अजून मान देतात. आपले शेत आपण हळूच बदलावे, दुसऱ्यांना कशाला सांगा? ही वाट किती जण धरतात ते ज्याचे त्याला ठाऊक. दुसरी वाट जरा फसवी आहे. चार लोकांत उभे राहून छाती पिटून "मी पापी, मी अपराधी" असे म्हणावे, डोळ्यांत पाणी आणावे, लोकांनी वाहवा करावी, आणि घरी जाऊन निवांत झोपावे. आम्ही वारकरी या वाटेचे सराईत आहोत, हे मी स्वतःला धरून बोलतो. अनुतापाचे शब्द आमच्या तोंडी इतके बसले आहेत की, कधी कधी शब्दच होतात आणि अनुताप होत नाही.

भास्करभाईंनी खताचा धंदा सोडला, आणि सगळी शेतीच पालटली. गाव मात्र सोडले नाही. त्याच मुलखात, ज्यांना खत विकले त्याच शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांनी नवी वाडी उभी केली. तिचे नाव 'कल्पवृक्ष'. सुमारे चौदा एकरांची ही वाडी, मुख्यत्वे नारळ आणि चिकू यांची. नांगरट नाही, रासायनिक खत नाही, कीड मारण्याचे औषध नाही. जमिनीवर पालापाचोळ्याचे पांघरूण आणि खाली गांडुळांचे राज्य. अल्पजीवी, मध्यमजीवी आणि दीर्घजीवी अशी झाडे एकत्र लावावयाची: वेल-भाजी-कडधान्ये लवकर येऊन जमीन झाकतात, केळी-पपईसारखी मधली झाडे त्यानंतर हात देतात, आणि त्यांच्या सावलीत चिकू-नारळ सावकाश मोठे होतात. तण म्हणजे शत्रू नव्हे, उघड्या जमिनीवर निसर्गाने घातलेले वस्त्र, अशी त्यांची समजूत. झाडाचे फळ आणि दाणा हा आपला वाटा, तो थोडा; बाकी पाने-काड्या-फांद्या हा मातीचा वाटा, तो मातीला परत.

पाणी देण्याची त्यांची रीत मला फार आवडते. बुंध्यापाशी पाणी ओतावयाचे नाही. झाडापासून दूर चर काढावयाचा, त्यात पाणी सोडावयाचे, आणि झाड वाढेल तसतसा चर आणखी दूर न्यावयाचा. मुळे पाण्याच्या शोधात लांबवर जातात आणि झाड स्वतःच्या बळावर उभे राहते. शाळा सोडली तरी मास्तरकी सुटली नव्हती, दुसरे काय! तोंडात घास भरवला की पोर पांगळे होते, हे मास्तराइतके कोणाला कळणार?

आणि ती वाडी सर्वांना उघडी. ज्याला बघावयाचे त्याने यावे, माती उकरून बघावी, शंका विचाराव्या. काही दशके हा माणूस तेच तेच प्रश्न ऐकत राहिला आणि उत्तरे देत राहिला. जपानचे मासानोबु फुकुओका, ज्यांनी निसर्गशेतीचा विचार जगभर नेला, ते ही वाडी बघून आपल्या शेतापेक्षाही हिला वरचढ म्हणाले. २००६ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, भास्करभाईंनी हरितक्रांतीचे शास्त्रज्ञ डॉ. स्वामिनाथन यांना उघडे पत्र लिहून मातीची कैफियत मांडली. २०१० साली सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडून त्यांना जीवनगौरवही मिळाला. असो. मान-सन्मान हा आपल्या विषयाचा भाग नव्हे.

कोणी म्हणेल, चौदा एकर, समुद्रकाठ, भरपूर पावसाचा मुलूख, नारळ-चिकूची बाग. आमच्या माढ्या-करमाळ्याच्या माळावर, सोसायटीचे कर्ज डोक्यावर घेऊन, हे कसे जमावे? म्हणणे खरे आहे. ती वाडी उचलून येथे आणता येणार नाही. मी वाडीविषयी लिहितही नाही. माझा विषय त्या पोराचा प्रश्न आहे. मला असे वाटते की, शिकविलेले चुकणे हा दोष नाही. ज्या दिवशी चूक कळली त्या दिवसापासून दोष सुरू होतो. त्यानंतरचा प्रत्येक गप्प दिवस आपल्या खात्यावर चढतो. आणि तो शब्दांनी फिटत नाही, ज्यांना शिकविले त्यांच्यासमोर राहूनच फिटतो. सावतोबांच्या अरणभेंडीच्या मळ्यात देव स्वतः चालत गेला, असे आपण श्रद्धेने सांगतो. ज्या मातीत देव येतो म्हणतो, त्या मातीत काय कालविले याचा जाब तेथेच उभे राहून दिला पाहिजे.

आता मला झोप का आली नव्हती ते सांगतो. उजनीचे पाणी आमच्याकडे आले तेव्हा गावात शिकलेला म्हणून लोक मला विचारीत. आमच्या दिंडीचे विणेकरी, माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील, यांना मी सांगितले होते, "ऊस लावा, आणि पाण्याला हात आखडू नका." पंधरा वर्षांत त्यांची दोन एकर काळी जमीन चोपण झाली. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरे फुटते, मीठ सांडल्यासारखे. हे मला कळून पुष्कळ वर्षे झाली. प्रत्येक वारीत मी त्यांच्या मागे दोन पावलांवर टाळ वाजवीत चाललो, आणि त्याविषयी एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी वाखरीला, रिंगण झाल्यावर, एका बाभळीखाली मी त्यांना गाठले आणि सांगून टाकले. विणा मांडीवर घेऊन ते ऐकत होते. मग म्हणाले, "आवो गुरुजी, मला ठावं न्हवतं व्हय? पर पाणी सोडणारा हात माझाच की. ऱ्हाऊ द्या." थोडा वेळ गेला. "आता त्या दोन एकराचं काय करायचं, तेवढं सांगा."

"ते मला ठाऊक नाही, बुवा," मी म्हणालो. "पण आपण दोघं मिळून कुणाला तरी विचारू."

घरी परतल्यावर माती तपासून आणली. विचारून विचारून रानात उतारावर चर काढले, खारे पाणी वाहून जायला वाट करून दिली, आणि धैंचा पेरून तो फुलायच्या आत जमिनीत गाडला. चर खणायला मीही जात असे. सत्तरीच्या माणसाचे खणणे ते काय, पण जात असे. यंदा एका कोपऱ्यात बाजरी उगवली आहे. बाकी रानावरचे पांढरे अजून गेलेले नाही.