बोर्ड सगळ्यांसाठी होता

धाकट्या बहिणीची इंजिनिअरिंगची डिग्री हातात आली आणि नगरच्या घरी पार्टी ठरली. तिने मला एक रील पाठवलं: लाकडी फळीवर मांडलेले गोड पदार्थ, ज्याला हवं ते त्याने उचलावं. मी शनिवारी पुण्याहून आलो आणि कामाला लागलो. फळीवर बटर पेपर, मधोमध पेढे, भोवती नारळाच्या वड्या, ब्राउनीचे तुकडे, गुळाची चिक्की. गुलाबजाम वेगळ्या वाट्यांत, नाहीतर पाक पसरून चिक्की मऊ पडते.

फोटो झाले आणि अर्ध्या तासात फळी रिकामी! तेव्हा लक्षात आलं, आजीला काहीच मिळालं नव्हतं. गुडघ्यांमुळे ती कोपऱ्यातल्या खुर्चीवरच होती. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी आल्याआल्या सांगितलं होतं, "घ्या की मावशी, सगळ्यांसाठीच आहे." त्या "घेते की" म्हणाल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

मग मी त्या दोघींना दिलं होतं की नव्हतं?

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'ॲक्सेस दिला' म्हणून तिकीट बंद करतो. समोरच्याला लॉगिन जमलं का, हे विचारत नाही. पंगतीत तसं चालत नाही. वाढपी प्रत्येक पानापाशी जातो, वाकतो, विचारतो. पण पंगतीचे गोडवेही गायला नकोत. कोण कुठल्या पंगतीत बसणार हे जात ठरवायची, आणि काहींना तर अंगणाबाहेरच थांबावं लागायचं. शिवाय आग्रहापुढे डायबेटिसवाल्या काकांचं काही चालत नाही. बोर्डाने हे सगळं मोडलं, ते चांगलंच झालं. मात्र पंगतीबरोबर वाढपीही गेला.

त्या फळीवरची साखर बहुधा आमच्याच जिल्ह्यातली असेल. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि ऊस पिकवणारा शेतकरी साखरेचा भागीदार झाला. पण ऊस तोडणारा तिथेही दाराशीच राहिला. याच जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास जोडपी उचल घेऊन तोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. लेकरं सोबत जातात. गावातली शाळा उघडी असते, हजेरीपटावर नाव असतं, मूल मात्र फडात. शाळा सगळ्यांसाठी आहेच की! म्हणून तर साखरशाळा काढाव्या लागल्या. मूल शाळेपर्यंत पोचत नाही, तर शाळाच कोप्यांपर्यंत गेली.

मला वाटतं, 'खुलं आहे' आणि 'दिलं' यांच्यातलं अंतर कुणीतरी चालून जावं लागतं. ते चालायचं कुणी? ज्याच्या हातात ताट आहे, त्याने. घेणाऱ्याला संकोच वाटतो, ही त्याची चूक नाही.

आजीला मी त्याच रात्री वाटीत पेढा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी पाव किलो पेढे घेऊन मावशींच्या घरी गेलो. त्यांनी पहिला पेढा देवापुढे ठेवला, मग विचारलं, "माझी पोरगी यंदा बारावीला आहे. ते सीईटीचा फॉर्म कुठं भरत्यात?"

इतकी वर्षं त्या आमच्या घरी येतात. हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"ऑनलाइन असतो मावशी, कुणीही भरू शकतं," हे वाक्य ओठांवर आलं होतं. ते गिळलं, चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.