फियाटचा जीर्णोद्धार

आरटीओच्या लेखी गाडीला आत्मा असतो आणि तो बॉनेटखालच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीला निरीक्षकाने आमच्या फियाटचे दिवे लावून पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला, ब्रेक दाबले. पण त्याचं सगळं लक्ष चासी नंबरावर होतं. मिस्त्रीने त्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासली. उमटलेले आकडे आरसी बुकातल्या आकड्यांशी जुळले आणि निकाल लागला. 1979 साली वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, घेतलेली ती हीच गाडी.

सरकारचं समाधान झालं. माझं व्हायला वेळ लागला, कारण निरीक्षकाने जे पाहिलं नव्हतं ते मी पाहिलं होतं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कापून काढलेला, चारही दरवाज्यांच्या खालच्या कडा नव्या, पिस्टन नवे, वायरिंग नवं, सीटवरचं रेक्झिन नवं, रंग तर अर्थातच नवा. मी आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. वस्तूचे घटक बदलत गेले तर ती वस्तू तीच राहते का, हा प्रश्न दर वर्षी फळ्यावर लिहायचे. परीक्षेत तो दहा मार्कांना यायचा. त्या प्रश्नाचं बिल मात्र आयुष्यात पहिल्यांदाच हातात पडलं.

अण्णा गडहिंग्लजला डॉक्टर होते. रात्री-अपरात्री नेसरी, आजऱ्याकडच्या खेड्यांतून बोलावणं यायचं आणि फियाट निघायची. कागदोपत्री ती ‘प्रीमियर पद्मिनी’. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. इटलीच्या फियाट 1100 चं हे देशी रूप, आणि सत्तरीच्या दशकात तिला राणी पद्मिनीचं नाव मिळालं. आमच्याकडे कुणीही तिला पद्मिनी म्हटलं नाही. 1089 सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे एकच सलग सीट. त्या सीटवर अण्णा, कंपाउंडर आणि पेशंटचा घाबरलेला भाऊ असे तिघं मावत. उन्हाळ्यात आंबोलीच्या चढावर पेट्रोल पंप तापला की गाडी बंद पडायची. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि झाडाखाली थांबायचं. हे काम माझं असे.

2009 मध्ये अण्णा गेले. गाडी वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री ओढून ठेवली ती ठेवलीच. विकायची नाही यावर घरात एकमत होतं, चालवायची कुणी यावर कुणी बोलत नव्हतं. दर दसऱ्याला मात्र ताडपत्री उचलून पुढच्या जाळीला झेंडूचा हार, काचेवर हळदकुंकू आणि चाकाखाली लिंबू. आत उंदरांनी सीटचा काथ्या उपसून संसार मांडला होता, तरी पूजा चुकली नाही. आपल्याकडच्या धार्मिकतेत हा प्रकार पुष्कळ आढळतो. आदर आहे, हार आहे, फोटोही काढलेला आहे. आणि जिची पूजा चाललीय ती वस्तू आतून सडते आहे, हे बघायला कुणाला सवड नाही.

काम करायचं ठरलं तेव्हा गाडी ट्रकवर चढवून कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात नेली. जुन्या इंजिनांची नाडी कळणारी माणसं तिथे अजून आहेत. मिस्त्रीने टाकीचं झाकण उघडून नुसता वास घेतला आणि म्हणाला, “आक्का, ह्यात पेट्रोल न्हाई, वार्निश हाय.” ते खरंच होतं. पेट्रोल वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि खाली चिकट राळ उरते. ती कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे व्हील सिलिंडर आतून गंजून जाम झाले होते. इंजिन फिरेना. प्लग काढून भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडलं, तसंच मुरू दिलं, आणि मग पुढून हँडल घालून हळूहळू हलवलं. ते जेव्हा फिरलं तेव्हा मिस्त्रीने कपाळाला हात लावून नमस्कार केला. देवाला की इंजिनाला, ते विचारलं नाही.

इंजिन उतरवलं, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातले. ब्लॉक तोच राहिला, म्हणून इंजिन नंबर तोच. तळाचा पत्रा ठोकून पाहताना हातोडी आरपार गेली. आजऱ्याच्या पावसातला चिखल वर्षानुवर्षं मॅटखाली साचून राहिला होता, त्याने पत्रा खाल्ला होता. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे पत्रा गेला की नुसतं रूप जात नाही, ताकद जाते.

इथे दादाचं आणि माझं वाजलं. दादा पुण्याहून आला आणि काढून ठेवलेल्या सामानाचा ढीग बघून गप्प झाला. मग म्हणाला, “अण्णांची गाडी तू भंगारात काढलीस, आता ही फक्त तशी दिसणारी दुसरी होणार.” त्याला ती जशी होती तशी हवी होती, तडकलेला डॅशबोर्ड, दाराच्या आतल्या बाजूचा आयोडिनचा डाग, सगळं. आणि चालली नाही तरी चालेल, असंही त्याने सांगून टाकलं. त्याचं म्हणणं भावनेचं आहे म्हणून मी उडवून लावलं नाही. त्यामागे एक पक्कं तत्त्वज्ञान आहे. अण्णांचा हात ज्या पत्र्याला लागला तो पत्रा म्हणजे अण्णांची गाडी. तो गेला की संबंध तुटला.

याच प्रश्नावर आपल्या भूमीत दोन हजार वर्षांपूर्वी एक गाजलेला संवाद झाल्याची नोंद आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन समोरासमोर येतात. राजा रथातून आलेला असतो. नागसेन विचारतो, रथ म्हणजे नक्की काय? दांडी? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग हे सगळं सोडून उरतं ते रथ? तेही नाही. तेव्हा रथ हे एक व्यवहारातलं नाव आहे, त्याच्या पोटात रथपण नावाचं वेगळं काही दडलेलं नाही, आणि माणसाचंही तसंच. हा उतारा मी वर्षानुवर्षं शिकवला, पण उद्यमनगरातल्या फरशीवर फियाट सुटी मांडलेली बघितली तेव्हा नागसेनाचं म्हणणं डोळ्यांना दिसलं. डिस्ट्रिब्युटर, पाटे, रेडिएटर, बंपर. यातली फियाट कुठली?

कठोपनिषदाचा रथ वेगळा आहे. तिथे शरीर हा रथ आणि आत्मा त्यात बसलेला रथी. ही कल्पना मानली तर दादाचा प्रश्न झटक्यात सुटतो. रथी गेला, आता रथाचं काहीही करा. गीतेतली जुन्या वस्त्रांची उपमाही तेच सुचवते. पण मग एक अडचण उभी राहते, जिच्याकडे प्रवचनकार सहसा फिरकत नाहीत. शरीर टाकायचं वस्त्र असेल तर जीर्णोद्धाराला एवढं पुण्य का? नवं देऊळ बांधण्यापेक्षा पडकं सावरणं श्रेष्ठ, असं आपली परंपरा मानत आली आहे. अहिल्याबाई होळकरांची आठवण काशीपासून वेरूळपर्यंत निघते ती यासाठीच. एका तोंडाने जीर्ण झालं ते टाका म्हणायचं आणि दुसऱ्या तोंडाने जीर्ण झालं ते उभं करा, यात कुठेतरी मेळ घालावा लागेल.

माझ्यापुरता तो मेळ 2015 च्या पावसाळ्याने घातला. त्या वर्षी आमच्या कोल्हापुरात अंबाबाईच्या मूर्तीचं रासायनिक संवर्धन झालं. पुरातत्त्व खात्याची माणसं आली, झीज थांबवण्यासाठी लेप दिले गेले, आणि गावात त्यावरून वादही भरपूर झाले. पाषाण मात्र तोच ठेवला गेला. त्याच पावसाळ्यात पुरीला नवकलेवर होतं. अधिक आषाढ आला की जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन यांच्या कडुनिंबाच्या मूर्ती नव्या घडवतात. डोळे बांधलेले, हात गुंडाळलेले दैतापती सेवक मध्यरात्री जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ काढून नव्या मूर्तीत ठेवतात. त्यानंतर जुन्या मूर्तींना मातीत पुरतात. देव तोच. कुणी भाविक पुरीला जाऊन, हा जुना जगन्नाथ नव्हे, असं म्हणत नाही.

दोन्ही ठिकाणी श्रद्धा तितकीच, मग रीत उलटी का? मला वाटतं उत्तर साधं आहे. दगड झिजतो, लाकूड कुजतं. जो पदार्थ हाती आहे त्याच्या स्वभावाप्रमाणे धर्माने आपली रीत बसवली. फियाट पत्र्याची आहे आणि पत्रा गंजतो. तिने अंबाबाईच्या वाटेने जावं हा दादाचा हट्ट होता. तिची वाट पुरीची.

तरी ब्रह्मपदार्थाचं काय? चासी नंबर हा आमचा ब्रह्मपदार्थ, असं म्हणण्याचा मोह होतो, पण तो पटत नाही. पुरीचंच दुसरं उदाहरण बघा. तिथले रथ दर वर्षी नव्याने बांधतात. अक्षय तृतीयेला काम सुरू होतं, यात्रा झाली की रथ मोडतात. जगन्नाथाच्या रथाला 16 चाकं, बलभद्राच्या 14, सुभद्रेच्या 12. लाकूड दर वर्षी नवं, आत काही काढून ठेवण्याचा विधी नाही, आणि तरी जगन्नाथाचा रथ दर वर्षी ‘नंदिघोष’च. इथे नागसेनाला विचारावंसं वाटतं, की महाराज, नाव नुसतं नाव असेल तर ते इतकी शतकं टिकलं कसं? ते टिकलं कारण माप, उंची, कापडाचा रंग आणि कोणतं काम कुणाकडे हे सांभाळणारी सुतारांची, लोहारांची, शिंप्यांची घराणी आहेत. त्यांनी एक वर्ष हात आखडला तर नंदिघोष उरणार नाही, आणि दहा ब्रह्मपदार्थ असले तरी उरणार नाही.

आमच्याकडे अण्णांची वही आहे. डॉक्टरी केसपेपरसारखीच त्यांनी ती लिहिली. तारीख, किलोमीटर, तक्रार, केलेला इलाज, खर्च. ती नीट वाचल्यावर दादाशी भांडण्याची गरज उरली नाही. डायनॅमो काढून अल्टरनेटर अण्णांनीच बसवला होता. रंग त्यांनी दोनदा बदलला होता. एक दरवाजा अपघातानंतर दुसऱ्या गाडीचा लावलेला होता. दादा ज्या मूळ फियाटसाठी रडत होता ती अण्णांच्या हयातीतच शिल्लक नव्हती. वही दादाच्या हातात दिली. त्याने ती रात्री बसून वाचली आणि सकाळी म्हणाला, आयोडिनच्या डागाचा तेवढा पत्रा ठेवा. तो ठेवला.

मग सुधारणा करताना संकोच कमी झाला. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही, म्हणून सगळे होज आणि पंपाचा पडदा बदलला. पुढच्या सलग सीटला पट्टे बसवले. त्यासाठी तळाला जाड पट्ट्या वेल्ड कराव्या लागल्या. अण्णांनी अपघाताचे इतके पेशंट शिवले होते, की पट्ट्यांना त्यांनी हरकत घेतली असती असं मला वाटत नाही. मिस्त्री पुढे डिस्क ब्रेक घालून देतो म्हणत होता. ते मी नको म्हटलं. कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आडवं येतं, आणि ड्रमब्रेक नव्या शूजवर नीट लागत होते.

कायद्याचा एक विनोद मात्र सांगायलाच हवा. 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला वेगळा मान आणि वेगळा क्रमांक. अट अशी, की तिच्या सांगाड्यात, बॉडीत, इंजिनात मोठी उलथापालथ झालेली नसावी. आमची गाडी 2029 मध्ये पन्नाशी गाठेल, पण हा मान तिला मिळायचा नाही. दादाच्या पद्धतीने ताडपत्रीखाली ठेवली असती तर तळ नसलेली का होईना, ती अटीत बसली असती. संग्रहालयात ठेवायच्या गाडीला हा नियम शोभतो. रोज रस्त्यावर धावणारी गाडी पन्नास वर्षं हात न लावता राहील, अशी अपेक्षा ज्याने कधी स्वतः गाडी ठेवली नाही तोच करू शकतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात वीस वर्षांच्या नियमाने संपल्या. चालवणारे होते, दुरुस्त करणारे होते, फक्त मुदत संपली.

म्हणून माझं मत विचाराल तर फियाट तीच आहे, पण ते पत्र्यामुळे नाही आणि नंबरामुळेही नाही. वहीत अण्णांच्या शेवटच्या नोंदीखाली माझी नोंद आहे, त्याखाली आता भाचीची. नोंदी थांबल्या त्या वर्षांत ती तीच गाडी होती की नाही, याबद्दल मला शंका आहे. हार घालत होतो तरीही.

तुमच्याही घरी कुठल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली वडिलांची स्कूटर, आजोबांची जीप उभी असेल. सांभाळणारं कुणी उरलं नसेल तर ती ज्याला चालवायची आहे त्याला देऊन टाका, त्यात पाप नाही. ठेवायची असेल तर येत्या दसऱ्याला झेंडू आणण्याआधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा आणि ब्रेक ऑइल बदला.