कशाला हवी नक्कल?

सरकारी कचेरीत एखादा कागद मागावयास गेलेल्या मनुष्यास पहिला प्रश्न बहुधा एकच विचारला जातो : “कशाला हवी नक्कल?” विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. कधी तो सवयीने विचारतो, कधी वाढत्या कामाच्या धास्तीने, तर कधी निव्वळ कुतूहलाने. प्रस्तुत लेखक केंद्र सरकारचा एक कारकून आहे. टेबलाच्या ज्या बाजूने हा प्रश्न निघतो त्याच बाजूला त्याची खुर्ची आहे. म्हणूनच या साध्या विचारणेत नीतीचा केवढा प्रश्न दडलेला आहे हे पाहणे त्याला आपले काम वाटते. सार्वजनिक कागद मागणाऱ्याने कारण सांगितलेच पाहिजे काय? आणि ते सांगण्याची आवश्यकता नसेल, तर त्याच्यावर दुसरे कोणतेच बंधन उरत नाही काय?

नुसत्या तत्त्वचर्चेपेक्षा एक उदाहरण समोर ठेवणे बरे. तंजावर जिल्ह्यातील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांची शेती पाटाच्या पाण्यावर चालते. कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यापाशी कावेरीचे पाणी वाटले जाते आणि कालवे, त्यांचे फाटे, फाट्यांचे पाट अशा वाटेने ते एकेका शिवारात पोचते. पुरेसा साठा असेल त्या वर्षी मेट्टूरचे धरण १२ जूनला उघडण्याचा रिवाज आहे. त्यापूर्वी उन्हाळ्यात पाटांतला गाळ सरकारी खर्चाने काढला जातो. काम किती लांबीचे, किती रुंदीचे व किती खोलीचे झाले याची नोंद मोजमाप-पुस्तकात होते, आणि त्या नोंदीवरून ठेकेदाराचे बिल निघते. पुढे पाणी आले म्हणजे गाळ निघाला होता की नव्हता हे डोळ्यांना दिसत नाही. पाण्याखाली गेलेल्या कामाचा एकच साक्षीदार कोरडा राहतो, आणि तो म्हणजे ते पुस्तक.

आता पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला शेत असलेला एखादा शेतकरी कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. कुरुवै भाताच्या हंगामात त्याच्या बांधापर्यंत पाणी पोचत नाही. तो कचेरीत जाऊन मोजमापाची नक्कल मागतो. “कशाला हवी?” यावर त्याने काय उत्तर द्यावे? ‘कामात लबाडी झाल्याचा संशय आहे’ असे म्हटले, तर कागद पाहण्यापूर्वीच तो फिर्यादी ठरतो आणि ठेकेदाराचे वैर पदरी पडते. ‘सहज पाहावयाची आहे’ असे म्हटले, तर तो रिकामटेकडा ठरतो. खरे उत्तर तिसरेच आहे. आपल्याला तक्रारीला जागा आहे की नाही हेच त्याला अद्याप ठाऊक नाही. कदाचित काम चोख झाले असेल आणि पाणी वरच्या अंगाला कोणी अडविले असेल. ते कळावे म्हणूनच तर त्याला कागद हवा आहे. आधी कारण सांग, मग कागद देतो, असे म्हणणे हे ‘आधी रोगाचे नाव सांग, मग नाडी पाहतो’ असे वैद्याने रोग्यास सांगण्यासारखेच होय.

कायद्याला ही गोष्ट उमगावयास पुष्कळ काळ लागला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित नक्कल फी घेऊन देण्याची तरतूद होती, आणि २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. परंतु ती तरतूद ज्याला तो दस्तऐवज पाहण्याचा हक्क आहे त्याच्यापुरती; म्हणजे मागणाऱ्याने आपला हक्क आधी दाखवावयाचा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने हा क्रम उलटा केला. अर्जदार भारताचा नागरिक असला म्हणजे पुरे. त्याच्याकडे कारण मागू नये, आणि संपर्कासाठी लागेल त्याहून अधिक खासगी तपशीलही विचारू नये. उलट, माहिती नाकारावयाची असेल तर कारणे कचेरीने द्यावयाची, आणि ती योग्य होती हे अपिलात सिद्ध करण्याचा भारही कचेरीवरच. कारण कोणी सांगावयाचे एवढाच हा बदल. पण त्यात सबंध नाते पालटते. याचक समजला गेलेला मनुष्य मालक ठरतो, आणि मालक समजला गेलेला विश्वस्त.

येथे कोणी म्हणेल की, राज्यकर्त्यांनी लेख उघड्यावर मांडण्याची परंपरा तंजावरला नवी नाही. खरे आहे. बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतींवर राजराज चोळाने देणग्या, जमिनी, आणि देवळाच्या सेवेतील सुमारे ४०० नर्तकींची नावे व त्यांचे धान्याचे वाटे कोरून ठेवविले. त्याच देवालयात सरफोजी दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता, त्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती. तो लेख पाहून मराठी मनुष्याचा ऊर भरून यावा हे स्वाभाविक आहे. तथापि दोन्ही लेखांचा धर्म एकच : राजाला जे दाखवावेसे वाटले ते त्याने दाखविले. भिंतीवर काय कोरावे हे वाचणाऱ्याने ठरविलेले नव्हते. लोकांच्या हक्काचा कागद बहुधा याहून निराळा असतो. कोणाला तो दाखवावासा वाटलेला नसतो, म्हणूनच तो मागावा लागतो.

हिशेब मागण्याच्या कल्पनेचे बीजही चोळांच्याच राज्यात सापडते. कांचीपुरमजवळच्या उत्तिरमेरूर येथे दहाव्या शतकाच्या आरंभी, परांतक चोळाच्या काळी, ग्रामसभेच्या समित्यांचे नियम कोरले गेले. समितीवर काम करून ज्याने हिशेब सादर केला नाही, तो आणि त्याचे आप्तही पुढील निवडीस अपात्र, असा त्यांत एक नियम आहे. ती सभा आजच्या अर्थाने लोकांची नव्हती. जमीन, घर व विद्या यांच्या अटी तिच्या दाराशी होत्या. परंतु हिशेब न देणे हाच एक दोष आहे, त्यासाठी चोरी सिद्ध होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, हा विचार त्या दगडात स्पष्ट दिसतो.

पुढे मात्र गावचा कागद घरात शिरला. आपल्याकडे कुलकर्णी आणि तमिळ देशी कर्णम हे वंशपरंपरेने गावचे दप्तर सांभाळीत. मुंबई राज्यात कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. तमिळनाडूत ग्रामाधिकाऱ्यांच्या वंशपरंपरागत जागा १९८० मध्ये रद्द झाल्या आणि नेमणुकीचे ग्राम प्रशासन अधिकारी, म्हणजे आपल्या भाषेत तलाठी, त्यांच्या जागी आले. वतन गेले, पण दप्तर ‘माझे’ आहे ही भावना वतनाबरोबर गेली असे म्हणवत नाही. कपाटाची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याला आतली वस्तू हळूहळू आपलीच वाटू लागते. ठेवीदार आपले पैसे काढावयास आला असता बँकेचा रोखपाल त्याला ‘कशाला हवेत?’ असे विचारीत नाही. ठेव कोणाची आहे हे त्याला पक्के ठाऊक असते.

कागद लोकांपुढे आला म्हणजे काय होते ते राजस्थानात दिसले. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातील कोटकिराणा येथे जनसुनावणी भरविली व सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचून दाखविली. हजेरीपटावर कोणाचे नाव खरे व कोणाचे खोटे, हे ऐकणाऱ्या गावाइतके कोण जाणणार? १९९६ मध्ये ब्यावर येथे अशा नकलांच्या हक्कासाठी ४० दिवस धरणे धरले गेले. भाकरीसाठी झगडणाऱ्या मजुरांनी कागदासाठी इतके दिवस बसावे, यातच त्या कागदाचे मोल आले. तमिळनाडूने १९९७ मध्ये स्वतःचा कायदा केला खरा, पण त्यातील अपवादांची यादी लांबलचक होती. सर्व देशाला पुरेसा हक्क मिळाला तो २००५ मध्ये.

तो बजावण्याची रीत फारशी अवघड नाही. प्रथम कागद न मागताच मिळण्यासारखा आहे काय ते पाहावे. कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे प्रत्येक कचेरीने १७ बाबींची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावयाची आहे. जमिनीच्या पट्ट्याचा उतारा आता संगणकावर मिळतो. पंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेत विचारता येतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे तमिळनाडूत ग्रामसभेच्या ठरलेल्या दिवसांपैकी आहेत. तेवढ्याने काम न भागल्यास जनमाहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये फीसह अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास फी माफ आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी मागणी लिहून काढण्यास साहाय्य करणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी धाडावयाचा असतो. उत्तर ३० दिवसांत यावयास हवे. न आल्यास वा असमाधानकारक आल्यास ३० दिवसांत वरिष्ठाकडे पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. सबळ कारणावाचून केलेल्या विलंबास अधिकाऱ्याला दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आमच्या शेतकऱ्यास याहून एक गोष्ट अधिक ठाऊक हवी. हा कायदा कागदापुरताच नाही; चालू काम प्रत्यक्ष पाहण्याचा व साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्कही तो देतो. तेव्हा पाट कोरडा आहे तोवरच अर्ज करावा. मे महिन्याच्या मध्यानंतर केलेल्या अर्जाचे उत्तर तिसाव्या दिवशी आले, तर कायदा तंतोतंत पाळला जातो आणि पाट मात्र पाण्याने भरलेला असतो. ३० दिवस ही शेवटची सीमा आहे. शक्य तितक्या लवकर द्यावे असे कायद्याचेच शब्द आहेत. हाताशी असलेला कागद एकोणतीस दिवस टेबलावर ठेवणारा कारकून नियमाने निर्दोष असेल, नीतीने खचित नाही.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. कोणी सूडबुद्धीने शंभर प्रश्नांचे अर्ज करतो, कोणी कागदाच्या धाकावर पैसे उकळतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सरसकट व अव्यवहार्य मागण्यांनी कचेऱ्यांचे काम खोळंबेल असा इशारा दिला आहे. हे सारे मान्य. परंतु दुष्ट हेतूने मागितलेला कागदही खराच असतो. हेतू वाईट म्हणून त्यातला आकडा खोटा ठरत नाही. शिवाय कचेरीचा त्रास तोलताना दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. जमीन व्यवहारांची माहिती काढणारे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे खून झाला. मागणाऱ्यांपैकी काही त्रासदायक असतात. मागणाऱ्यांपैकी काही जिवाला मुकतात.

खासगीपणाची हरकत अधिक विचार करण्याजोगी आहे. नोव्हेंबर २०१८ च्या गजा वादळाने पट्टुकोट्टै, पेरावूरणी या भागांतील नारळीच्या बागा आडव्या केल्या, आणि मोडलेल्या झाडांच्या गणतीवर भरपाई ठरली. भाताच्या नुकसानीत गावच्या अडंगलची, म्हणजे आपल्या पीकपाहणीसारख्या नोंदवहीची, साक्ष लागते. जमीन देवस्थानाची किंवा दुसऱ्या मालकाची आणि कसणारा कूळ, अशी स्थिती या भागात पुष्कळ. कुळांच्या नोंदीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा असूनही नाव चढले नसेल तर भरपाई कागदावरच्या माणसाकडे जाते. अशा यादीतील नावे खासगी म्हणावीत काय? २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या कायद्याने माहिती अधिकारातील खासगी माहितीचा अपवाद अधिक रुंद केला आहे. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची मुभा मात्र शिल्लक आहे. माझ्या मते, मनुष्याचा आजार किंवा बँकेचा खाते-क्रमांक त्याचा स्वतःचा. पण सार्वजनिक तिजोरीतून निघालेल्या रकमेपुढील नाव हा हिशेबाचाच भाग होय. नाव झाकलेला हिशेब तपासणार तरी कसा?

कारण सांगण्याचे बंधन नसले, तरी मागणाऱ्यावर इतर बंधने आहेतच. त्याने ‘असे का केले?’ असे विचारू नये, ‘अमुक कागद द्या’ असे म्हणावे. कचेरीपाशी जे दप्तर आहे तेच ती देऊ शकते. ‘का’ चे उत्तर मागण्याची जागा ग्रामसभा. वर्ष, गाव, पाट व पुस्तक नेमके लिहावे. हाती आलेल्या कागदात काम चोख दिसले, तर तेही चारचौघांत तितक्याच मोठ्याने सांगावे. हे शेवटचे बंधन कोणत्याही कायद्यात नाही, म्हणूनच ते अधिक पाळावयास हवे.

परप्रांती राहणाऱ्या आपणांस आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तंजावरच्या मराठी राजांच्या कारभाराचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत; ते उघडे असले तरी मोडी जाणणारे थोडे, म्हणून बहुतेकांना ते बंदच. मोजमाप-पुस्तकातील संक्षेप व आकडेही सामान्य शेतकऱ्यास मोडीहून सोपे नसतात. नक्कल देऊन ती समजावून सांगितली नाही, तर अर्धेच दान दिल्यासारखे होते. आणि घरात मराठी बोलणाऱ्या तेथल्या कुटुंबालाही अर्ज तमिळ, इंग्रजी वा हिंदीतच करावा लागतो. गावच्या पाण्यावर हक्क सांगावयाचा, तर गावची भाषा आपली म्हटली पाहिजे.

कागद मागणे हा अविश्वास आहे, अशी समजूत आमच्या कचेऱ्यांतून अद्याप नांदते. वस्तुतः ज्याला कधी पारखता येत नाही अशा विश्वासाला नाइलाज हे नाव अधिक शोभेल. जेथे नक्कल सहज मिळते तेथे ती मागण्याची वेळही हळूहळू कमी येते. तोवर कारकुनाने एक प्रश्न मात्र अवश्य विचारावा, आणि तो विचारताना वहीकडे हात न्यावा : “कोणत्या पाटाची, आणि कोणत्या वर्षाची हवी?”