दुखणं सोसावं की ऐकावं?

गीतेचा दुसरा अध्याय सुखदुःखं येणारी-जाणारी आहेत, ती सोस, असं सांगतो. मग गुडघा धरलेल्या धावपटूनं धावतच राहावं का? वेदना म्हणजे झिजेची मोजपट्टी असं मानणारा म्हणेल, दुखलं की थांबा. पुरावा तसा नाही. कूर्चेत मज्जातंतूच नसतात. एक्स-रेत झिजलेले कित्येक गुडघे दुखतही नाहीत. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या ह्यूस्टनच्या चाचणीत झिजलेला गुडघा दुखणाऱ्या 180 रुग्णांपैकी काहींना गुडघ्यावर नुसते छेद दिले, आत काहीच केलं नाही. तरी दुर्बिणीची खरी शस्त्रक्रिया झालेल्यांहून ते मागे राहिले नाहीत.

म्हणजे सगळे मनाचे खेळ? नाही. जिना उतरताना पुढचं पाऊल टेकेपर्यंत मागचा वाकलेला गुडघा सगळा भार पेलतो आणि वाटीमागे शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. हे गणित मनाला जुमानत नाही. वेदना खरीच असते, नुकसान किती झालं हे मात्र ती नेमकं सांगत नाही. म्हणून सोसण्याच्या नावाखाली दुर्लक्ष मला मान्य नाही (आपल्याकडे दुखणं अंगावर काढण्याचं भलतंच कौतुक). संधिवाताच्या रुग्णाला फिजिओथेरपिस्ट थोडं दुखलं तरी चालायला लावतो, आणि दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर भार कमी करतो. गीतेतलं सोसणं मला या हिशेबाच्या जवळचं वाटतं. खेळताना नुकताच फाटलेला अस्थिबंध मात्र त्यात बसत नाही. तिथे मैदान सोडायलाच हवं.