पत्रं वाचण्यापूर्वी

हे अचलेश्वरा, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात भर रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या देवा, नया बाजारातल्या घरातून मी तुला हात जोडते आहे. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगची पत्रं पुढ्यात आहेत. ती नीट वाचायची बुद्धी दे.

त्याचं नाव निघालं की लोकांना कापलेला कान आठवतो. पत्रांत भेटतो तो राबणारा माणूस: धाकट्या भावाकडे, थिओकडे, रंग आणि कॅनव्हास मागणारा, लिहिता लिहिता कागदावरच चित्र रेखाटून दाखवणारा. १८८५ साली ‘बटाटे खाणारे’ रंगवताना त्यानं थिओला कळवलं, की आत्ता ताटात असलेल्या याच हातांनी जमीन खणली आहे, हे चित्रात दिसायला हवं. १८८९ साली सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात, खिडकीतून पहाटेआधी दिसलेल्या शुक्राच्या मोठ्या चांदणीबद्दल त्यानं लिहिलं. त्याच सुमारास त्यानं ‘तारांकित रात्र’ हे चित्र रंगवलं. इतक्या थकलेल्या जिवाला तू ती चांदणी दाखवलीस, देवा, तुझे उपकार आहेत.

२९ जुलै १८९० रोजी व्हिन्सेंट गेला आणि सहा महिन्यांत थिओही. पदरी वर्षाचं मूल असलेल्या जोहानानं, थिओच्या बायकोनं, दिराची चित्रं सांभाळली आणि नवऱ्यानं जपलेली पत्रं वाचून, लावून ठेवली. १९०५ साली तिनं आम्स्टरडॅममध्ये चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं; पत्रं छापली ती १९१४ साली. चित्रांना मान मिळण्याआधी माणसाबद्दल कुतूहल जागवणं हा गेलेल्यावर अन्याय ठरेल, असं तिचं म्हणणं होतं.

तिचा तो विवेक मला दे. दुसऱ्याच्या खासगी दुःखाची चटक मला लागू देऊ नकोस. त्याचं आजारपण वाचून मी प्रत्येक चित्रात आजारच शोधत बसले, तर मला थांबव आणि त्याचा पिवळा रंग पुन्हा पाहायला लाव.

आमच्या या ग्वाल्हेरातही कुणी भाड्याच्या खोलीत चित्रं काढत असेल. त्याला थिओसारखा भाऊ दे, जोहानासारखी भावजय दे. आणि उद्या त्याच्या पत्रांची ट्रंक रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढू लागली, तर ती उतरवून घ्यायची सुबुद्धी आमच्यापैकी कुणालातरी वेळेवर दे.